८४ सेंटिमीटरची गाडी: यंत्र की चाकं लावलेलं शिल्प?

भोसरीचा_फिटर (धागाकर्ता)

परवा रविवारी भाच्याशी वाद झाला. घरात सुटेना म्हणून इथे आणतोय.

भाचा डिझाइन शिकतो. मी बावीस वर्षं टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, बनवतो. म्हणजे तो कागदावर एक झोकदार रेघ मारणार आणि ती पत्र्यात उतरवताना शिव्या मी खाणार, असं आमचं नातं.

त्याने मोबाइलवर एक गाडी दाखवली. १९७० च्या इटलीतल्या तोरिनो (ट्यूरिन) मोटर शोमध्ये बेर्तोने या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीने मांडलेली लान्सिया स्ट्रॅटोस झीरो. रेखाटणारा मार्चेल्लो गांदिनी. उंची ८४ सेंटिमीटर. पुन्हा वाचा, चौऱ्याऐंशी. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा ८५ भरला, टेप लावून पाहिलं. लांबी ३.५८ मीटर, म्हणजे आपल्या छोट्या हॅचबॅकएवढी. रुंदी मात्र १.८७ मीटर. बाजूला दरवाजा नाही. पुढची काच वर उचलली जाते, स्टिअरिंग पुढे कलतं, नाकावर चिकटवलेल्या काळ्या रबरी पट्टीवर पाय द्यायचा आणि विहिरीत उतरल्यासारखं आत उतरायचं.

भाच्याच्या मते मोटारीच्या इतिहासात हिच्याइतकी धाडसी गाडी झाली नाही. माझ्या मते ही गाडीच नाही. गाडी म्हणजे जी पावसात, खड्ड्यात, चार माणसं आणि एक गॅसचा सिलिंडर घेऊन चाकणहून घरी येते ती. हिला शिल्प म्हणा, मी हात जोडीन.

जाणकारांनी सांगावं. भाचा हा धागा वाचणार आहे, तेव्हा जपून.

वाचनमात्र

चिवडा घेऊन बसलोय.

खवचट_खानावळ

ओट्यापेक्षा बुटकी म्हणजे पार्किंगचा प्रश्न मिटला. रात्री सिलिंडरशेजारी सरकवून द्यायची. फक्त सकाळी बाईंनी लादी पुसताना बोनेटवरून फडकं फिरवू नये.

दूर_देशी_तोरिनो

तोरिनोत नोकरीला आहे म्हणून हक्काने सुरुवात चुका काढण्यापासून करतो. इथे कुणी ‘लान्सिया’ म्हणत नाही, ‘लान्चा’ म्हणतात. असो, पुढे मीही लान्सियाच लिहितो, नाहीतर अर्धे प्रतिसाद त्यावरच जातील.

फिटरकाका, गाडी कुणासाठी बनली ते पाहिलं तर अर्धं उत्तर तिथेच आहे. ही गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. लान्सियाची डिझाइनची कामं तेव्हा मुख्यतः पिनिन्फरिनाकडे जात, काही झगातोकडे; दोन्ही बेर्तोनेसारख्याच डिझाइन कंपन्या. बेर्तोनेला तिथे शिरकाव हवा होता. १९६९ मध्ये फियाटने लान्सिया घेतली, म्हणजे घरातली माणसं बदलण्याची वेळ. रॅलीमध्ये त्यांची फुल्विया म्हातारी होत चालली होती. ही संधी हेरून कंपनीचा मालक नुच्चो बेर्तोने याने फुल्वियाचंच इंजिन घेऊन, लान्सियाने काही मागितलेलं नसताना, हे प्रकरण उभं केलं. नोकरीचा अर्जच म्हणा, फक्त पत्र्यात लिहिलेला.

मग इथे चवीने सांगतात तो प्रसंग. लान्सियाच्या लोकांनी गाडी बघायला मागितली. बेर्तोने स्वतः ती शहरातून चालवत त्यांच्या फाटकापाशी घेऊन गेला. फाटकाचा आडवा दांडा खाली होता. दांडा उचलायची वाट कोण बघतो? गाडी खालून सरळ आत! तिथल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात.

खवचट_खानावळ

म्हणजे टोलनाक्यावर फास्टॅगची गरज नाही. हा खरा उपयोग आधी सांगायचा ना राव.

शेवंता_७२

साडी नेसून काचेतून उतरायचं कसं, एवढंच कुणीतरी सांगा. आणि पाऊस पडत असताना काच उघडली की सगळा पाऊस सीटवर. गांदिनींनी कधी जूनमध्ये सिंहगड रस्त्याला यायला हवं होतं.

गंमत सोडा. मुद्दा असा, की ही गाडी एकट्या, सडपातळ, तरुण, पँटवाल्या पुरुषासाठी काढलीय. ‘भविष्यातली गाडी’ म्हणून दाखवतात त्या भविष्यात आजी, बाळ, भाजीची पिशवी का नसते हो कधी?

भोसरीचा_फिटर

शेवंताताई, +१००. भाच्या, वाच.

रॅलीवेडा

इथे थोडं गांभीर्याने लिहितो, माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

भविष्य म्हणजे काय हे झीरोला विचारू नका, तिच्या धाकट्या बहिणीला विचारा. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या तोरिनो शोला स्ट्रॅटोस एचएफचा नमुना आला. तोही बेर्तोनेचा, तोही गांदिनीचा. पण तुलना करून बघा, नाव सोडलं तर जवळपास काहीच समान नाही. दरवाजे आले. उंची माणसात आली. इंजिन फुल्वियाच्या चार सिलिंडरवरून फेरारी डिनोच्या २.४ लिटर व्ही-६ वर गेलं, रस्त्यावरच्या गाडीत १९० अश्वशक्ती. मधला पिंजरा पोलादाचा, पुढचं आणि मागचं झाकण फायबरग्लासचं. दोन्ही झाकणं शिंपल्यासारखी उघडतात. रॅलीच्या मध्यावर मेकॅनिकला पाच मिनिटं मिळतात, त्यात सगळं इंजिन डोळ्यांपुढे हवं ना.

पुढची काच हेल्मेटच्या व्हायझरसारखी वळवलेली, म्हणजे घाटात वळणाच्या आतलं दिसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २.१८ मीटर, त्यामुळे गाडी भोवऱ्यासारखी वळते. नवशिक्याच्या हातात भोवऱ्यासारखी फिरतेही. आणि दरवाज्यांच्या आत हेल्मेट मावेल एवढे खण. हेल्मेट ठेवायला जागा ठेवणारा माणूस शिल्पकार नसतो, फिटरकाका. तो तुमच्या जातीचा.

निकाल: १९७४, ७५, ७६ अशी लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद. सांद्रो मुनारीने १९७५, ७६, ७७ अशी तीनदा माँटे कार्लो रॅली मारली.

भोसरीचा_फिटर

अहो पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! कामाची गाडी करायची वेळ आली तेव्हा झीरोतलं सगळं फेकून द्यावं लागलं.

रॅलीवेडा

फेकलं, पण कुणी फेकलं? ज्यांना झीरोमुळे काम मिळालं त्यांनीच. साखरपुड्याची शेरवानी रोज ऑफिसला घालत नाहीत, म्हणून ती वाया गेली का?

खवचट_खानावळ

माझी गेली. अवांतर.

प्रा_धोंडोपंत

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत, तिला हात घालतो. ही सुरीसारखी आकृती ‘वारा कापते’, असं सगळ्यांना वाटतं. वाऱ्याला तसं वाटत नाही.

हवेचा अडथळा कमी करणारा आकार म्हणजे ओघळणारा थेंब: पुढे गोल, मागे हळूहळू निमुळता. पाचर याच्या उलट, पुढे टोकदार आणि मागे एकदम कापलेली. त्या कापलेल्या भागामागे हवा भोवरे करत राहते आणि गाडीला मागे ओढते. त्यात रुंद टायर, हवेसाठी उघडी तोंडं. याच गांदिनीच्या लाम्बोर्गिनी कुन्ताचचा अडथळा-गुणांक (जितका कमी तितका हवेचा अडथळा कमी) ०.४२ च्या आसपास आहे. आपल्या रोजच्या साध्या सेडानही हल्ली ०.३० च्या घरात असतात. मग पाचरीचा काहीच फायदा नाही? आहे, वेगळा आहे. लाम्बोर्गिनी मिउराचं नाक जोरात जाताना हलकं पडे, स्टिअरिंग हातात तरंगे. १९६८ च्या पॅरिस शोमधली आल्फा रोमिओ काराबो ही गांदिनीची पहिली खरी पाचर, उंची ९९ सेंटिमीटर. तिचं नाक खाली दाबलेलं ठेवण्यामागे तो मिउराचा धडा होता. म्हणजे प्रश्न जमिनीला चिकटून राहण्याचा होता, वारा कापण्याचा दिखावा फुकट मिळाला.

वाऱ्याशी खरं बोलणं सुरू झालं ते १९७२ मध्ये, पिनिन्फरिनाने ग्रुल्यास्कोला पूर्ण आकाराच्या गाडीसाठी वातबोगदा, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून गाडी तपासायचा बोगदा, उभारला तेव्हा. १९७८ मध्ये त्यांनी इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेबरोबर एक नमुना केला, त्याचा गुणांक ०.१६१. दिसायला कसा? वाकलेल्या केळ्यासारखा. त्याचं पोस्टर कुणाच्याही खोलीत लागलं नाही.

वाचनमात्र

सर, शेवटचं वाक्य वाचून चिवडा सांडला.

दूर_देशी_तोरिनो

कुन्ताचवरून आठवलं. हा शब्द इथल्या पिएमाँत बोलीतला उद्गार आहे. एखादी भन्नाट गोष्ट दिसली की तोंडातून निघतो तसा. मराठीत नाव ठेवायचं तर ‘लाम्बोर्गिनी आयला’.

कुर्ल्याचा_भाचा

‘आयला एलपी ४००’. बुक करतो. (फिटरकाकांचा भाचा मी नव्हे.)

इटालियन गाडी म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवते: प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००, पुढे नाव पद्मिनी. आमचे मामा तिथे होते. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, दार लावताना ‘ठक्क’ असा आवाज. मामा म्हणायचे, फियाटचं दार आणि आजीचा स्वभाव, दोन्ही आयुष्यभर टिकणारे. झीरोतल्यासारखी झोपून चालवायची सोय मात्र पद्मिनीतही होती. पुढची अख्खी सीट टॅक्सीवाल्याची दुपारची खाट असायची.

तोरिनोशी आपलं नातं तिथेच थांबलं नाही. टाटांच्या १९९८ च्या इंडिकाच्या रूपावर तोरिनोच्या आयडिया या डिझाइन संस्थेचा हात होता. आणि ज्या पिनिन्फरिनाचं नाव वर दोनदा आलं ती महिंद्रांनी घेतली, २०१५ च्या डिसेंबरात करार झाला. २०१९ ला जिनिव्हात त्या नावाने बातिस्ता आली, विजेवरची, १९०० अश्वशक्ती. १५० पेक्षा जास्त बनवायच्या नाहीत असं ठरवून.

शेवंता_७२

१९०० अश्वशक्ती! चांदणी चौकात १८९९ घोडे आराम करणार.

तांबटकाका

धागा वाचतोय. मला गाड्यांतलं काही कळत नाही, हातोडीतलं कळतं. आमचं घराणं पुण्यातल्या तांबट आळीतलं. म्हणून फिटरसाहेबांना एक विचारतो: ही एकच गाडी बनली ना? मग तिला डाय असणारच नाही. बनवली कशी?

भोसरीचा_फिटर

काका, बरोबर पकडलंत. एका नगासाठी डाय कोण करेल? हातानेच ठोकली असणार.

दूर_देशी_तोरिनो

हातानेच. इथे त्या कारागिरांना ‘बात्तिलास्त्रा’ म्हणतात, शब्दशः पत्राठोक्या. लाकडी पट्ट्यांचा पूर्ण आकाराचा साचा उभा करायचा, त्याच्याशी ताडून पाहत पत्रा ठोकायचा, वाळूच्या पिशवीवर खोलगट करायचा, मग जोडून घासायचा. तोरिनोच्या आसपास अशा छोट्या कार्यशाळांचं जाळंच होतं. तेव्हा इथले डिझायनर झपाट्याने नवं काही करू शकले त्याचं हे एक मोठं कारण. कागदावरची रेघ काही आठवड्यांत पत्र्यात दिसायची. काराबो तर दहा आठवड्यांत उभी केली असं सांगतात.

तांबटकाका

मग एक सांगतो. फोटो पाहिला मी. गोल घडा ठोकणं सोपं, चूक गोलाईत लपते. ही गाडी सगळी सपाट आणि धारदार कडांची. सपाट पत्र्यावर हातोडीचा एक ठोका जास्त पडला तर उजेडात पोळीवरच्या फोडासारखा दिसतो. गाडीचा रंगही तांब्यासारखा आहे. ज्याने हे ठोकलं त्याला माझा नमस्कार. गांदिनीसाहेबांना नंतर करतो.

भोसरीचा_फिटर

काका, तुम्ही मला माझ्याच धाग्यात हरवलंत. सपाट पॅनेल सर्वांत अवघड, हे मी रोज सांगतो आणि इथे विसरलो.

प्रा_धोंडोपंत

आता उंचीचं बोलू, कारण खरी कसरत तिथे आहे. ८४ सेंटिमीटरमध्ये इंजिन बसवायचं म्हणजे काय? फुल्वियाचं १५८४ घनसेंटिमीटरचं इंजिन व्ही-४, म्हणजे चार सिलिंडर दोन तिरक्या ओळींत, पण त्या दोन ओळींमधला कोन इतका अरुंद की दोन्ही ओळींवर एकच सिलिंडर हेड. मूळ गाडीतही ते ४५ अंशांत कलवून बसवलेलं, म्हणून मुळात बुटकं. आणि फुल्विया पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असा एक आटोपशीर गठ्ठा आयताच मिळाला. तोच ड्रायव्हरच्या मागे नेऊन ठेवला. ११५ अश्वशक्ती, फार नाही. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचं त्रिकोणी झाकण, हवेसाठी.

माणसाला जवळजवळ आडवं केलं आणि पार पुढे सरकवलं. पाय पुढच्या चाकांच्या मधोमध. आज कुठल्याही धडक-चाचणीत हे मान्य होणार नाही. पण १९७० मध्ये स्वतःच्या इंजिनावर चालणारी, वळणारी, फाटकाखालून जाणारी वस्तू या मापात बसवणं हे अभियांत्रिकी नाही तर काय आहे?

रॅलीवेडा

दिवे राहिले. पुढे नाकाच्या कडेवर ५५ वॉटचे दहा दिवे एका ओळीत. मागे कापलेल्या शेपटीच्या कडेने ८४ बारीक बल्ब.

खवचट_खानावळ

उंची ८४, बल्ब ८४. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मग ही गाडी मिळते.

कुर्ल्याचा_भाचा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

आगाऊ_कार्टं

नमस्कार. मीच तो भाचा. मामाने वाद अर्धाच सांगितलाय.

माझं म्हणणं झीरो ‘सुंदर’ आहे असं नव्हतंच. त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाला पिनिन्फरिनाने फेरारी मोदुलो दाखवली होती, पाओलो मार्तीनची. उंची ९३.५ सेंटिमीटर, दोन बशा एकमेकींवर पालथ्या घातल्यासारखी, छत पुढे सरकतं. खाली फेरारी ५१२ एसची शर्यतीची चासी, म्हणजे सांगाडा. दिसायला झीरोपेक्षाही परग्रहावरची. पण ती कित्येक दशकं स्वतः चाललीच नाही. २०१४ मध्ये जेम्स ग्लिकेनहाउस या अमेरिकन संग्राहकाने घेतली, खपून चालती केली आणि २०१९ मध्ये मोनाकोत तिने पेट घेतला. जळाली थोडीच, पण मला म्हणायचंय ते त्यात आलं.

लाम्बोर्गिनीने २०१७ मध्ये एमआयटीबरोबर तेर्झो मिलेन्निओ मांडली. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज झटपट साठवून झटपट देणारा), बॉडीच्या कार्बनमध्येच वीज साठवायची, चीर पडली तर बॉडीने स्वतः ओळखून भरून काढायची, चारही चाकांत मोटर. ती धावत नाही. त्यातलं प्रत्यक्षात काय आलं? दोन वर्षांनी सियान आली, ६३ गाड्या, त्यात सुपरकपॅसिटरवर चालणारी ४८ व्होल्टची ३४ अश्वशक्तीची छोटी मोटर. बाकीचं काम पेट्रोलवरचं व्ही-१२ करतं. म्हणजे अख्ख्या पुरणपोळीच्या जाहिरातीतून चमचाभर पुरण मिळालं. तेही चांगलंच, पण चमचाभर.

झीरोने एकच गोष्ट दाखवली आणि ती करून दाखवली. मामा, तू शिल्प म्हणतोस ती फाटकातून चालत गेली होती.

भोसरीचा_फिटर

मामाला ‘तू’ घरी म्हण, इथे ‘तुम्ही’.

शेवंता_७२

मुलगा मुद्द्याचं बोलतोय पण. तरी माझा पहिला प्रश्न तसाच आहे. आजी आणि भाजीची पिशवी?

दूर_देशी_तोरिनो

शेवंताताई, त्याचं उत्तरही याच शहरात आहे, फक्त दुसऱ्या टेबलावर. जुजारो नावाचा दुसरा डिझायनर आणि गांदिनी दोघेही १९३८ चे, दोघेही पिएमाँतचे, दोघेही बेर्तोनेकडे घडले. जुजारो गेल्यावर गांदिनीने ती खुर्ची घेतली. जुजारोनेही १९७१ मध्ये मासेराती बूमरँग नावाची कागदाच्या विमानासारखी गाडी काढली. त्याच माणसाने नंतर फियाट उनो काढली: उभट, चौकोनी, ताठ बसता येईल अशी. उनो आपल्याकडेही विकली गेली.

शेवंता_७२

उनो आमच्याकडे होती! सासूबाई साडी सावरत आरामात बसायच्या. म्हणजे पाचर काढणाऱ्याला खोकंही काढता येतं, मनात असलं तर. बरं, मान्य. अर्धं.

वाचनमात्र

झीरो आता कुठे असते?

रॅलीवेडा

बेर्तोने आर्थिक गाळात गेली तेव्हा तिच्या संग्रहातल्या सहा गाड्या २०११ मध्ये कोमो सरोवराकाठी व्हिला देस्तेला लिलावात गेल्या. झीरोला ७,६१,६०० युरो आले. त्याआधी ती मायकेल जॅक्सनच्या एका चित्रपटातही झळकली होती. गांदिनी २०२४ च्या मार्चमध्ये गेले.

खवचट_खानावळ

सात लाख युरोत ओट्याएवढी वस्तू. आमच्या मॉड्यूलर किचनवाल्याने जवळपास तेवढेच सांगितले होते, आणि त्याचे ड्रॉवर उघडतही नाहीत.

भोसरीचा_फिटर

मंडळी, काल रात्री प्रयोग केला. जेवायचं टेबल ७५ सेंटिमीटर. पायांखाली विटा सरकवून माथा बरोबर ८४ वर आणला. जमिनीपासून गाडीचा तळ, तळाची जाडी, छताची जाडी असं धरून १८ सेंटिमीटर सोडले, म्हणजे तेवढ्या जाड गाद्या खाली घातल्या. भाचा आत शिरला. पाठ टेकायला पाट तिरका लावला. हातात स्टिअरिंग म्हणून परातीची कड.

तो मावला. मी साडेपाच फूट, पोटासह, मीही मावलो. मान मात्र उचलून धरावी लागते, दहा मिनिटांत भरून आली. समोर बघितलं तर टेबलाची कड आणि तिच्यापलीकडे बायकोचे पाय. म्हणजे शहरात ही गाडी चालवताना बेर्तोनेला लोकांचे गुडघेच दिसले असणार.

तेव्हा माझं मत थोडं बदललंय. यंत्र आहे, मान्य. सपाट पत्र्याला सलाम, तोही मान्य. पण गाडी म्हणायच्या आधी मला एक कळायला हवं: बेर्तोने बाहेर कसा आला? कारण मला टेबलाखालून काढायला दोघं लागले.

आगाऊ_कार्टं

तिघं. शेजारच्या काकूही आल्या होत्या.

तांबटकाका

टेबलाला ओरखडा पडला असेल तर आणा इकडे, परात मात्र ठोकून मीच देईन.